अकरा नंबरला ठेवायचं की नाही

रविवारी आमच्या फुटबॉल क्लबची मीटिंग आहे. विषय तीन: नवीन जर्सी, पावसाळ्यानंतर ग्राउंडवर करायचा खर्च, आणि "अकरा नंबरचं काय करायचं". पहिल्या दोनांवर कुणी तोंड उघडणार नाही. तिसऱ्यावर सगळे एकदम बोलणार आणि त्यात माझं कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणून आधीच इथं लिहून ठेवतोय. पोस्ट लांबलीय. सवडीनं वाचा.

पोराचं नाव लिहीत नाही. त्याला विचारलेलं नाही, आणि ग्राउंडवर येणाऱ्यांना अकरा नंबर म्हटलं की पुरतं. वय १९. गाव खानापूर तालुक्यातलं, वडील उद्यमबागेत फाउंड्रीत. डाव्या पायाचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं हल्ला करणारा. समोरचा बॅक वळून बघेपर्यंत हा कॉर्नर फ्लॅगपाशी पोचलेला असतो. बेळगावात मी तीस वर्षं फुटबॉल बघतोय, लाइनीला चिकटून असा पळणारा पोरगा मोजून दोन-तीनच बघितले. आणि दोन सीझनमध्ये आमच्यासाठी हा पूर्ण मॅच खेळलाय फक्त सात वेळा. आधी गुडघ्यातली एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारी मुख्य लिगामेंट, तुटली. ऑपरेशन झालं. मग त्याच गुडघ्यातली गादी फाटली. मधल्या काळात मांडीचा मागचा स्नायू दोनदा धरला.

गेल्या मीटिंगला आमचे खजिनदार म्हणाले, "काचेचं भांडं हाय गा ते. किती दिवस कपाटात ठेवून बघत बसायचं?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही, कारण ते भांडं कुणी आपटलं हे त्या खोलीत तिघांना पक्कं माहीत होतं. त्यातला एक मी.

झालं ते असं. एसीएलच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले होते. ते काही घाबरवायला सांगत नाहीत. मांडीच्या मागची शीर काढून गुडघ्यात बसवतात, ती तिथं रुजायला, तिला लिगामेंटचं काम जमायला वेळ लागतो. पोराला दोन महिन्यांत चालता येतं, चारात पळता येतं, आणि तिथंच सगळी फसगत होते, कारण बाहेरून बघणाऱ्याला तो बरा झालेला दिसतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरलेल्यांना पुन्हा तोच गुडघा गमवायचा धोका कितीतरी जास्त असतो, आणि तरण्या पोरांना त्यातही जास्त. हे मला आज माहीत आहे. तेव्हा साडेसहा महिने झाले होते, सेमी-फायनल होती, आणि आमचा दुसरा विंगर नोकरीसाठी गोव्याला गेला होता.

आम्ही तिघं त्याच्याकडं गेलो. "शेवटची वीस मिनिटं फक्त." तो म्हणाला, "खेळतो की अण्णा." एकोणीस वर्षांचं पोरगं दुसरं काय म्हणणार? उतरल्यावर बाराव्या मिनिटाला बॉल घेऊन आत वळला आणि खाली बसला. फाउल नाही, धक्का नाही, चार हातांवर कुणी नव्हतं. आम्ही ती मॅच पेनल्टीवर जिंकलो. विजयाचा फोटो क्लबच्या पेजवर अजून आहे. त्यात तो दिसत नाही, कारण तेव्हा तो बाहेर ओम्नीत मागच्या सीटवर पाय लांब करून, गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता.

त्यामुळं "हा सारखा दुखापतीत असतो" हे वाक्य कानावर आलं की मला आधी विचारावंसं वाटतं, त्याला खेळवत कोण होतं?

टर्फचंही (कृत्रिम गवताच्या मैदानाचं) बोललं पाहिजे. रात्री साडेदहाला त्या लाइटखाली फाइव्ह-ए-साइड, बक्षीस पाच हजार, प्रत्येक पोराला चारपाचशे. आमचा अकरा नंबर आठवड्यात तीन-तीन टीमकडून खेळायचा. शनिवारी टर्फ, रविवारी आमची मॅच, सोमवारी कॉलेजची झोनल स्पर्धा. आम्हाला माहीत होतं आणि आम्ही गप्प होतो, कारण रविवारी तो आमच्याकडं येत होता. पोराची चूक नाही म्हणत नाही मी. पण घरात पैशाची ओढ असताना चारशे रुपये नको म्हणणारा पोरगा मला दाखवा.

हे फक्त गल्लीतच होतं असंही नाही. बार्सिलोनाचा पेद्री आठवा. २०२०-२१ च्या सीझनमध्ये, १८ व्या वर्षी, क्लब, स्पेन, युरो कप आणि वर टोकियो ऑलिंपिक धरून तो ७३ सामने खेळला. ऑलिंपिकची फायनल ऑगस्ट २०२१ मध्ये झाली आणि काही आठवड्यांत मांडी गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षं तीच मांडी पुन्हा पुन्हा. लगेच लोक म्हणायला लागले, हा नाजूक आहे. अरे, ७३! आमच्या उद्यमबागेत लेथ मशीनलासुद्धा मेंटेनन्सची सुट्टी असते.

आता देम्बेलेकडं येतो, कारण रविवारी कुणीतरी त्याचं नाव काढणारच. आणि दोन्ही बाजूंनी काढणार.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये स्टार खेळाडू नेमार क्लब सोडून गेला आणि बार्सिलोनानं २० वर्षांच्या उस्मान देम्बेलेला डॉर्टमुंडकडून १०.५ कोटी युरो आणि वर बोनस देऊन आणलं. लीगमधल्या पहिल्याच सुरुवातीच्या मॅचला, हेताफेविरुद्ध, मांडीची शीर फाटली. फिनलंडला ऑपरेशन. २०२० मध्ये पुन्हा मांडी, पुन्हा फिनलंड. २०२१ च्या युरो कपात गुडघा. शंभरावर सामने त्यानं बाहेर बसून काढले. प्रॅक्टिसला उशिरा येतो, रात्रभर व्हिडिओ गेम खेळतो, असल्या बातम्या वेगळ्याच. जानेवारी २०२२ मध्ये क्लबनं उघड सांगितलं की करार वाढवत नसशील तर दुसरा क्लब बघ. तो गेला नाही. जूनअखेर करार संपला, जुलैमध्ये त्याच क्लबनं पुन्हा दोन वर्षांचा केला. वर्षभरानं, २०२३ मध्ये, सुमारे ५ कोटी युरोत तो पॅरिसच्या पीएसजी क्लबला गेला. बार्सिलोनाचे पैसे निम्मेही वसूल झाले नाहीत.

आणि मग? २०२४-२५ मध्ये पीएसजीसाठी ३५ गोल. म्युनिकच्या फायनलमध्ये इंटरला ५-० नं हरवून चॅम्पियन्स लीग. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलन डी'ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा सोन्याचा बॉल.

खजिनदार म्हणतील, बघा, बार्सिलोनानं सहा वर्षं पोसलं आणि फळ पॅरिसनं खाल्लं. बरोबर आहे. पण याच गोष्टीतून मला दुसरं दिसतं. विसाव्या वर्षी ज्याला सगळे मोडकं खेळणं म्हणत होते तो अठ्ठाविसाव्या वर्षी जगातला पहिला ठरला. मधल्या काळात त्यानं स्वतःचा फिजिओ ठेवला, खाणंपिणं बदललं, शरीर समजून घेतलं. विसाव्या वर्षी ते कुणालाच कळत नाही. मला पन्नाशीत शुगर निघाली तेव्हा कळायला लागलं.

त्यातली गंमतही सांगतो. त्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सकडून युक्रेनविरुद्ध खेळताना त्याची मांडी पुन्हा गेली. आमचं वैद्यकीय सांगणं ऐकलं नाहीत, म्हणून पीएसजीनं फ्रेंच फेडरेशनला पत्र लिहिलं. बॅलन डी'ऑरच्या रात्रीच पीएसजीची मार्सेलविरुद्धची लांबणीवर पडलेली मॅच होती. बाकीचे खेळाडू तिकडं, आणि हा दुखापतीमुळं मोकळा, म्हणून सुटाबुटात जाऊन बॉल घेऊन आला. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूच्या बाबतीतसुद्धा भांडण तेच: याला आत्ता खेळवलं कुणी?

स्ट्रायकर रॉबिन व्हॅन पर्सीचं थोडक्यात. लंडनच्या आर्सेनल क्लबनं त्याला आठ वर्षं सांभाळलं, त्यातली निम्मी तो लंगडतच होता. २००९ मध्ये घोटा गेला तेव्हा हा गडी सर्बियात एका बाईकडं घोडीच्या वारेचा (प्लासेंटाचा) रस चोळून घ्यायला गेला होता. हसू नका. आपल्याकडं घोटा मुरगळला की अजून झाडपाल्याचा लेप लावणाऱ्याकडं ट्रॅक्स भरून लोक जातात, त्यात आमचे दोन डिफेंडर आहेत. तर, २०११-१२ मध्ये त्यानं लीगमध्ये ३० गोल मारले, पुढच्याच ऑगस्टला मँचेस्टर युनायटेडला गेला आणि पहिल्या वर्षी २६ गोल मारून त्यांना लीग जिंकून दिली. आंबा लावणारा एक आणि खाणारा दुसरा. म्हणून कुणी आंबा लावायचं सोडत नाही.

आर्सेनलच्याच जॅक विल्शरची गोष्ट मात्र माझ्या बाजूची नाही, तरी सांगतो. फेब्रुवारी २०११ मध्ये १९ वर्षांच्या या पोरानं बार्सिलोनाच्या झावी-इनिएस्तासमोर मैदान गाजवलं. त्या सीझनला त्याला पन्नासच्या आसपास सामने खेळवले गेले. पुढचा अख्खा सीझन घोट्यामुळं गेला, आणि मग घोटा कधी धड सुधारलाच नाही. आर्सेनलनं २०१८ पर्यंत ठेवला. ३० व्या वर्षी निवृत्त. म्हणजे ठेवून घेतलं तरी प्रत्येक गोष्ट गोड होत नाही. पण २०२१ मध्ये कुठलाच क्लब नसताना त्याला सराव करायला दार उघडं होतं ते आर्सेनलचंच, आणि पुढं तिथंच तो अठरा वर्षांखालच्या पोरांचा कोच झाला. विल्शरच्या गोष्टीतला हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण आपल्या भागाला हे नवीन नाही. माझे आजोबा तालमीतले. खांदा निखळलेल्या पैलवानाला वस्तादानं गावी धाडलं असं त्यांनी कधी सांगितलं नाही. तो सकाळी हौद्यातली माती खणायचा, तिला पाणी मारायचा, लहान पोरांना जोर-बैठका मोजून घालायला लावायचा. खुराक निम्मा व्हायचा, बंद होत नसे. आणि वस्तादानं "हं" म्हटल्याशिवाय त्याला कुस्ती लावायची कुणाची टाप नव्हती. गावचा पाटील येऊन बसला तरी. आमच्याकडं उलटं झालंय. खुराक बंद करायची घाई, आणि "हं" म्हणणारे आम्ही तिघं, ज्यांना गुडघ्यातलं ओ की ठो कळत नाही.

खजिनदारांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. आमच्याकडं युरो नाहीत, पावती पुस्तक आहे. स्पर्धेची एंट्री फी, निपाणीला जायचं तर गाडी, बॉल, चुना, अंपायरांचा चहा (रेफ्री म्हटलं तरी आमच्यात अजून अंपायरच म्हणतात). नोंदणीच्या यादीत जागाही मोजक्या. न खेळणाऱ्या पोराची एक जागा म्हणजे खेळू शकणारं एक पोरगं बाहेर. त्या बाहेरच्या पोराच्या आईबापानं मला विचारलं तर माझ्याकडं सोपं उत्तर नाही. कोल्हापूरच्या पेठांसारखं आपल्यामागं अख्खी पेठ उभी नसते, देणगी मागायला गेलो की लोक आधी गणपतीची पावती दाखवतात.

तरीही माझं मत: ठेवायचं. दोन वर्षं. पण आजवर ठेवलं तसं नाही.

तो खेळणार की नाही हे फिजिओ ठरवेल. कमिटी नाही, मी नाही, तो स्वतःही नाही. एका पायावर उडी मारायची चाचणी असते, दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरली पाहिजे. टेपनं मोजता येतं, मशीन लागत नाही. फिजिओची निम्मी फी क्लबनं द्यायची, माझ्याकडून वर्षाचे पाच हजार आजच धरा. टर्फ खेळू नको असं आपण सांगू शकत नाही, पण आठवड्यात किती खेळला ते त्यानं लिहून दाखवायचं, आणि आपण ते वाचायचं.

आणि वॉर्म-अप. हे सगळ्यांसाठी. आमचा वॉर्म-अप म्हणजे दोन राऊंड आणि गोलीवर चार शॉट. फिफाचा "इलेव्हन प्लस" नावाचा फुकट कार्यक्रम आहे, वीस मिनिटांचा, बॉल आणि पोरं एवढंच लागतं. नियमानं केला तर दुखापती साधारण एक तृतीयांशानं तरी कमी होतात, हे अनेक देशांत तपासून झालंय. आपण कधी केला? मीच विचारतोय आणि मीच या कमिटीत अकरा वर्षं आहे.

दोन वर्षांनी, २१ व्या वर्षीही गुडघा साथ देत नसेल, तर समोर बसवून त्याला सांगायचं. यादीतून नाव गाळून, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून काढून नाही. आजवर आपण तीन पोरांना तसंच सोडलंय. त्यातला एक परवा खडेबाजारात दिसला, मला बघून दुसऱ्या फुटपाथला गेला.

काल संध्याकाळी लेले मैदानावर गेलो होतो. अकरा नंबर तिथंच होता, गुडघ्याला पट्टा, चौदा वर्षांखालच्या पोरांना उड्या मारायला लावत होता. निम्मी पोरं कन्नड बोलणारी, त्यामुळं मोजणी "ओंदु, एरडु, मूरु". एकाला थांबवलं, त्याचा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "उडी मारून खाली आल्यावर हा आत वळू द्यायचा नाही. पायाच्या बोटांच्या रेषेत ठेव. परत मार."

मी विचारलं, "हे कुठं शिकलास रे?"

"फिजिओनं सांगितलं अण्णा. ऑपरेशननंतर." मग जरा थांबून म्हणाला, "आधी कुणी सांगितलं नव्हतं."

मीटिंग सकाळी दहाला. खजिनदार, तुम्ही पावत्या घेऊन या. मी त्या सेमी-फायनलच्या फोटोची प्रिंट काढून आणतोय.