इमारत पडली, जिग वाचले

'२६ सप्टेंबर १९४० च्या हल्ल्याने स्पिटफायरचं उत्पादन बंदच पाडलं' हे स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानावरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. ही विमानं बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीचा साउदॅम्प्टनजवळचा वूल्स्टन कारखाना जर्मन बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाला, हे खरंच. पण छप्पर उडालं म्हणजे कारखाना संपला असं नसतं हो! मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत. शेड सहा महिन्यांत उभी राहते, पण चांगलं जिग-फिक्श्चर (भाग अचूक जागी पकडून ठेवणारी चौकट) बसवायला घाम निघतो. तिथे बरेचसे जिग आणि मशीन टूल्स ढिगाऱ्याखालून शाबूत निघाले. मग विमान उत्पादन मंत्री बीव्हरब्रुकसाहेबांनी काम विखरून टाकलं: साउदॅम्प्टन, सॉल्सबरी, रेडिंग, ट्रोब्रिजमधली गॅरेजं, बसडेपो, अगदी लाँड्रीसुद्धा! डिझाइनवाले गेले हर्स्ली पार्कच्या हवेलीत. शिवाय बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिचमधून त्याच वर्षी जूनपासून विमानं निघू लागली होती, त्याचा तर लेखात उल्लेखच नाही.

उत्पादन काही काळ घसरलं, एवढंच म्हणा. आणि दोन दिवस आधी, २४ तारखेलाही तिथेच बॉम्ब पडले होते. त्यात कारखान्यापेक्षा माणसंच जास्त गेली. तेही यायला हवं होतं.