नॅरेशनमध्ये काय लिहू?

"पहिल्यांदाच बोर्ड बनवताय का?"

हे मला सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरनं विचारलं. बुधवारी, सकाळी सव्वानऊला, चहा यायच्या आधी. पडद्याच्या मधोमध एक गोलमटोल रोबो हात हलवत उभा आणि त्याच्या पायाशी दोन बटणं: 'हो, फिरवून दाखवा' आणि 'नंतर आठवण करा'. 'नाही' म्हणायची सोयच नाही.

अहो, २७ वर्षं मी हेच करतोय. भोसरीच्या एमआयडीसीत आमचा छोटासा कारखाना आहे, शेतीपंपाचे ऑटो स्टार्टर बनवतो. मी केलेले बोर्ड लातूरपासून जळगावपर्यंत विहिरींच्या काठावर पत्र्याच्या पेट्यांत बसलेत, अंगावर पाली खेळवत, ४१५ व्होल्ट सोसत. आजवर एका पालीनंही माझ्या अनुभवावर शंका घेतलेली नाही.

मी 'नंतर आठवण करा' दाबलं. संध्याकाळपर्यंत त्यानं चारदा आठवण केली. कर्जवसुलीवाले बरे, ते निदान जेवणाच्या वेळी फोन करत नाहीत.

झालं होतं एवढंच, की रात्रीतून अपडेट आलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, अजून त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचंय. मंगळवारी संध्याकाळी मी बोर्ड जवळजवळ संपवून गेलो होतो. डीआरसी शून्य, म्हणजे नियमांच्या तपासणीत एकही चूक नाही. फक्त एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, नव्वद अंशात फिरवायचा आणि बुधवारी पाचच्या आत गर्बर फायली, म्हणजे बोर्डाचे नकाशे, बोर्ड बनवून देणाऱ्या फॅब्रिकेटरकडे पाठवायच्या. गुरुवारी एमआयडीसी बंद, त्यामुळे बुधवार चुकला की थेट शुक्रवार.

रिलेवर गेलो, सवयीनं 'आर' दाबला. रिले ढिम्म. उलट त्याच्या एका पायातून तांब्याचा एक ट्रॅक निघाला आणि माझ्या माउसच्या मागे शेपटीसारखा फिरायला लागला. एस्केप. पुन्हा 'आर'. पुन्हा शेपूट. बारा वर्षं 'आर' म्हणजे रोटेट होता, आता तो 'रूट' झाला होता. रोटेट कुठे गेलं? उजवं क्लिक, मग तीन ठिपके, मग 'ट्रान्सफॉर्म', मग एक बाण. स्क्रोल केलं की पूर्वी झूम व्हायचं, आता बोर्ड वरखाली डुलतो. पडदा आख्खा काळा आणि चिन्हं सगळी करडी, एका मापाची. पूर्वी व्हायाचं, म्हणजे दोन थर जोडणाऱ्या भोकाचं, चिन्ह व्हायासारखं दिसायचं. आता बारा चिन्हांपैकी चार गोलच आहेत आणि त्यांतलं एक सेटिंग्जचं आहे.

शेजारी बसणारा पोरगा म्हणाला, "सर, फार इंट्युइटिव्ह आहे."

हा शब्द जो वापरतो त्याला मी मनातल्या मनात पगारवाढीच्या यादीतून खाली ढकलतो.

जुनी आवृत्ती परत टाकावी म्हटलं, तर फाइल एकदा नव्यात सेव्ह झाली की जुन्यात उघडत नाही. आणि सेव्ह मी कुठे केली होती? नव्या आवृत्तीनं स्वतःहून केली. 'तुमचं काम आम्ही सुरक्षित ठेवलंय,' म्हणे. सावकारही गहाण दागिने सुरक्षितच ठेवायचा.

मी कामाला लागलो तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर आला होता, पण आमच्या तेव्हाच्या साहेबांचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांनी मला सहा महिने टेबलावर बसवलं. मायलरची पारदर्शक फिल्म, दुप्पट मापात आखणी, ब्लेडनं कापून चिकटपट्टी लावायची. वरच्या बाजूचे ट्रॅक लाल पट्टीचे, खालच्या बाजूचे निळ्या. पावसाळ्यात पट्टी कोपऱ्यातून सुटायची आणि सकाळी येऊन बघावं तर दोन ट्रॅक एकमेकांच्या गळ्यात. पण लाल म्हणजे वर आणि निळं म्हणजे खाली, हे तेव्हापासून डोळ्यांत बसलंय. आजही बहुतेक सॉफ्टवेअरांत वरचा थर लाल नि खालचा निळा असतो. या अपडेटनं वरचा जांभळट केलाय. का? तर काळ्यावर जांभळट शोभून दिसतो.

साडेतीनच्या सुमाराला अकाउंटचे काका आले.

काका आमच्याकडे माझ्याही आधीपासून आहेत. खांद्यावर शबनम, खिशाला दोन पेनं, आणि टॅलीवर हात असा, की मान वर न करता व्हाउचर टाकतात. माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हा मेट्रोचा नकाशा का?"

"बोर्ड आहे, काका. कामात आहे. गर्बर पाठवायचंय."

"गडबड तर दिसतेच आहे."

"गर्बर. फाइलचं नाव आहे. गर्बर नावाचा माणूस होता, त्याच्या कंपनीच्या यंत्रावरून पडलं."

"असेल. मला एकच सांगा. परवा या सॉफ्टवेअरचं वर्षाचं रिन्यूअल मी कार्डानं भरलं. लाखाच्या वर आकडा आहे, वर परदेशी कंपनी म्हणून रिव्हर्स चार्जनं जीएसटीचे १८ टक्के आपणच भरायचे. ऑडिटर विचारतो, रिन्यूअल म्हणजे मिळालं काय? तर नवीन काय मिळालं ते एका ओळीत सांगा. व्हाउचरखालच्या टिपेत, नॅरेशनमध्ये लिहायचंय."

मी पडद्याकडे पाहिलं. रिलेला अजून शेपूट होतं.

"रंग बदललाय," मी म्हणालो.

"रंगकाम." काकांनी खिशातलं पेन काढलं. "रिपेअर्स अँड मेंटेनन्समध्ये जाईल. कोणता रंग?"

"काळा."

"काळा कुणी आपखुशीनं देतं का? बरं, पुढे."

"बटणांच्या जागा बदलल्यात."

"म्हणजे फर्निचर हलवलं. त्याचे पैसे आपण द्यायचे? आमच्या घरी कपाट हलवायला दोन माणसं आली, त्यांनी पाचशे घेतले, पण कपाट मी सांगितलं तिथे ठेवलं. यांनी तुम्हाला विचारलं होतं?"

"नाही."

"हं." ते माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. हे वाईट लक्षण होतं. "मला सांगा, एफ-आठ म्हणजे काय?"

"माहीत नाही, काका."

"सेल्स. एफ-पाच पेमेंट, एफ-सहा रिसीट, एफ-सात जर्नल, एफ-नऊ पर्चेस. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हाही एफ-आठ सेल्सच होतं. आज तिची मुलगी बालवाडीत आहे. मी झोपेत एफ-आठ दाबतो. परवा टीव्हीचा रिमोट घेऊन दाबत होतो, हिनं सांगितलं." मग आवाज खाली आणून, "तुमचं काय हललं?"

"आर."

"अरेरे," ते म्हणाले. खरंच वाईट वाटल्यासारखं. दिवसभरात तेवढा एकच माणूस मला भेटला होता ज्याला 'आर' गेल्याचं दुःख कळलं, आणि त्याला रिले म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

सहानुभूती तिथेच संपली. "पण एवढ्यावर लाख रुपये होत नाहीत. आणखी सांगा."

"त्यात आता एआय मदतनीस आहे. आपण ट्रॅक ओढायला लागलो की पुढचा रस्ता तो सुचवतो."

"म्हणजे सल्लागार. मग ही प्रोफेशनल फी झाली! टीडीएस कापला पाहिजे, १० टक्के. त्याचं पॅन आहे का?"

"काका, तो रोबो आहे."

"पॅन नसेल तर २० टक्के." त्यांनी लिहून घेतलं. "सल्ला चांगला देतो का?"

मी दाखवला. थ्री-फेजच्या पॅडपासून, म्हणजे डाग द्यायच्या तांब्याच्या ठिपक्यापासून, निघालेला ट्रॅक त्यानं मोबाइल सिग्नलच्या जीएसएम मॉड्यूलच्या अँटेनाखालून, अगदी आत्मविश्वासानं, फिकट रंगात काढून दाखवला. काकांना त्यातलं काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून त्यांनी वहीत 'सल्लागार' वर काट मारली.

तेवढ्यात पोरगा म्हणाला, "सर, फुकटचंही आहे ना. कीकॅड."

काकांची मान अशी वळली की मला मणक्याचा आवाज आला.

"फुकट?"

"हो. फ्रान्समधल्या एका प्राध्यापकानं १९९२ मध्ये सुरू केलं. पुढे सर्नवाल्यांनी मदत केली. सर, ते भुयारात कण आपटतात ना, तेच. एक ट्रॅक ओढला की वाटेतले बाकीचे आपोआप सरकतात, ते त्यांनीच लिहिलंय."

"म्हणजे अणूंची टक्कर करणारे लोक फुकटात काम करतात," काका एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आणि विहिरीवरच्या पंपाला आपण लाख भरतो. रंगकामासकट."

आता यावर खरं उत्तर आहे. माझ्या बाराशे फूटप्रिंट्स, म्हणजे एकेका सुट्या भागाच्या पायांचे आराखडे, या सॉफ्टवेअरात आहेत, प्रत्येक पॅड माझ्या हातानं तपासलेलं, आणि ते सगळं दुसरीकडे नेऊन परत तपासायचं तर दोन महिने जातील. हे कंपनीलाही माहीत आहे, म्हणून ती माझी बटणं खुशाल हलवते. पूर्वी प्रिंटरच्या पोर्टला एक डोंगल लागायचं. ते खिशात घातलं की सॉफ्टवेअर आपलं. दहा वर्षं तीच आवृत्ती चालवली तरी कुणी विचारायचं नाही. आता रोज सकाळी लॉगिन करून मी माझ्याच बोर्डाच्या दारात आत येऊ का म्हणून उभा राहतो. नेट गेलं तर दार उघडत नाही. आणि तीन वर्षांपूर्वी मी लिहून कळवलेली खालच्या थरावरच्या अक्षरांची चूक अजून तिथेच आहे, फक्त ती आता जांभळट काळोखात दिसते. शिवाय बावन्नाव्या वर्षी आमच्या धंद्यात पोरांपेक्षा जास्त काय असतं माणसाकडे? डोळे नाहीत, झोपेवाचून रात्र काढायची ताकद नाही. डाव्या हाताच्या पाच बोटांत मुरलेल्या कीबोर्डच्या चाळीस-पन्नास कळा, एवढंच. तेवढंच यांनी एका रात्रीत पुसलं आणि वर विचारतात, पहिल्यांदाच का?

हे सगळं मी काकांना सांगितलं नाही. "चहा घेता का?" एवढंच विचारलं. ते चहा सांगायला गेले.

तेवढ्या वेळात डीआरसी चालवलं. काल शून्य होतं, आज ६१४. नवा नियम आलाय: छपाईची अक्षरं पॅडला चाटली तरी चूक. ६१३ चुका त्याच. उरलेली एक मी नीट वाचली आणि माझ्या मानेला घाम आला. आमच्या बोर्डावर ४१५ व्होल्ट आणि ५ व्होल्ट एकाच छताखाली नांदतात. मध्ये मी ८ मिलिमीटरची लक्ष्मणरेषा ठेवतो आणि जिथे जागा कमी तिथे बोर्डाला आरपार खाच पाडतो. जुनं सॉफ्टवेअर सरळ रेषेत मोजायचं. नवं पृष्ठभागावरून मोजतं, कारण दमट धुळीतून वीज पृष्ठभागावरूनच रांगते. त्यानं खाचेच्या टोकाला वळसा घालून अंतर काढलं होतं: ६.३. मी खाच आखूड पाडली होती. दोन वर्षांपूर्वीच्या बोर्डातही ती अशीच आहे का, हे बघायची त्या क्षणी हिंमत झाली नाही. खाच वाढवली. शुक्रवारी बघितलं, त्या बोर्डात बरोबर होती.

हेही काकांना सांगितलं नाही. नॅरेशनमध्ये लिहिण्यासारखी ती एकच गोष्ट होती, पण सकाळपासूनचा माझा राग इतका छान तापला होता की त्यात मला पाणी ओतवेना.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी गर्बर गेलं. सहा वाजता फॅब्रिकेटरचा फोन आला. "सर, भोकं बोर्डाच्या बाहेर पडतायत. अर्धी पिंपरीत जातील."

ड्रिल फाइल. भोकांचे आकडे त्यात दशांश चिन्हाशिवाय लिहितात आणि पूर्वी कागदी पट्टीवर जागा वाचावी म्हणून शून्यं गाळायचे, कुणी पुढची, कुणी मागची. कोणती गाळली हे वाचणाऱ्याला ठाऊक असलं तर सगळं ठीक. अपडेटनं गुपचूप बाजू बदलली होती.

काका दारात शबनम अडकवत उभे होते. "काय झालं?"

"शून्यं गाळली, काका. सांगितलं नाही."

शबनम खाली आली. "पुढची की मागची?"

"आधी पुढची गाळायचे, आता मागची."

"पुढचं शून्य गेलं तर कुणी विचारत नाही," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मागचं गेलं तर पोलीस येतात."

ते तरातरा आपल्या टेबलाशी गेले, बंद केलेला कॉम्प्युटर परत चालू केला. मी सेटिंग शोधत होतो (तीन ठिपके, 'एक्स्पोर्ट', 'अॅडव्हान्स्ड', 'लेगसी'), तोवर पार्टिशनपलीकडून एकेक अक्षर टाइप केल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं:

"बीइंग अमाउंट पेड टोवर्ड्स शिफ्टिंग ऑफ बटन्स अँड रिमूव्हल ऑफ झीरोज. बरोबर आहे?"

"बरोबर."

"रंगकाम टाकू?"

"टाका."