दात बघून घ्यायचा बास

जुनं आणि विंटेज यांत फरक काय, असं सांगलीत कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे: पंधरा हजार रुपये. बास (जाड आवाजाची, चार तारांची गिटार) तोच, गंजलेला ब्रिज म्हणजे तारांखालची घोडी तीच, पुढच्या प्लास्टिकवरचा, म्हणजे पिकगार्डवरचा गणेश मंडळाचा स्टिकरही तोच. माळ्यावर पडून होता तोवर 'ती जुनी गिटार' होती. पुतण्यानं मोबाईलवर तसलाच एक फोटो पाहिला आणि संध्याकाळपर्यंत ती विंटेज झाली.

जाहिरातीची भाषा ठरलेली. 'विंटेज बास. एक नंबर कंडिशन. फक्त जाणकारांनीच फोन करावा.' यातलं एक नंबर म्हणजे वरून पुसलेला. आणि फक्त जाणकारांनी का, तर यात काहीतरी बंद आहे, जाणकार असाल तर ते तुम्हीच चालू करून घ्याल.

खरसुंडीच्या जत्रेत खिलार घेणारा माणूस शिंगांचा रंग आणि गोंडे बघून कनवटीला हात घालत नाही. तो आधी जबडा उघडतो. आदत, दोनदाती, चौसा, जुळलेला, जनावराचं वय तोंडात लिहिलेलं असतं. बासचे दात पिकगार्डच्या किंवा कंट्रोल प्लेटच्या खाली असतात. आठ-दहा स्क्रू काढायचे, एवढंच काम. पण मालकाला ते आवडत नाही. "दादा, आजवर कुणी उघडला नाही बघा," असं तो अभिमानानं सांगतो. उघडल्यावर आत तीन रंगांच्या वायरी, एम-सीलचा गोळा आणि डॉक्टरी चिकटपट्टी निघते.

आपल्याकडे येणारे जुने बास तीन जातींचे. पहिली जात देशी: गिवसन, होब्नर वगैरे, ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलेले. दुसरी जपानी: सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या दशकापर्यंतचे यामाहाचे बीबी, आरिया प्रो टू, आयबानेझचे रोडस्टार. माझं मत विचाराल तर पैसे टाकावेत ते यांच्यावर. लाकूड चांगलं, काम नेटकं आणि नावाचा बोजा कमी. तिसरी जात 'फेंडर', ही अमेरिकन कंपनी. ही जात बहुतेक वेळा हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असतात त्या टोकावरच्या) स्टिकरपासून सुरू होते आणि तिथंच संपते. फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ मध्ये आला आणि जॅझ बास १९६० मध्ये. तरीही '१९५८ चा ओरिजिनल जॅझ बास' विकायला निघतो. म्हणजे बारसं व्हायच्या दोन वर्षं आधीच पोराचं लग्न ठरलेलं.

खरा अमेरिकन असेल तर पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या व्हॉल्यूम-टोनच्या फिरत्या भागाच्या, पाठीवर आकडे ठोकलेले दिसतात. सुरुवातीला १३७ असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा, ३०४ असेल तर स्टॅकपोलचा. पुढचे दोन आकडे वर्षाचे, त्यापुढचे दोन आठवड्याचे. १३७७२३४ म्हणजे सीटीएस, १९७२, चौतिसावा आठवडा. यावरून कळतं ते इतकंच, की बास याच्या आधीचा नाही. नंतरचा कितीही असू शकतो. फेंडरने १९६६ च्या सुमारास पॉटचा एवढा साठा करून ठेवला होता, की तो पुढे काही वर्षं पुरला. पूर्वी हरिपूरच्या पेवांत हळद भरून ठेवत तसा. आकड्यांबरोबर वायरींच्या जोडांवरचं कथिलही (सोल्डर) बघावं. जुनं कथिल मळकट आणि एकसारखं दिसतं. चकचकीत गोळा दिसला की दात बसवलेले आहेत असं समजावं. आणि नेकच्या, म्हणजे मानेच्या, पाठच्या पत्र्यावरच्या नंबरावर तर विसंबूच नये. चार स्क्रू काढले की तो पत्रा दुसऱ्या बासवर जातो. नंबर प्लेट बघून कुणी गाडीचं इंजिन ओळखतं का?

सांगलीत आणखी एक तपासणी करावी लागते. तिची माहिती परदेशी पुस्तकांत मिळत नाही: बास पुरात होता का? आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ साली नदी ती ओलांडून लोकांच्या तळमजल्यात शिरली होती. कपाटं, फायली, तबले भिजले तिथं बास कसा कोरडा राहील? नंतर तो पुसून, पॉलिश मारून बाजारात येतो. पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा तुकडा) काढून खालच्या खळग्यात बोट फिरवा. बारीक, पिठासारखा करडा गाळ बोटाला लागला तर ओळख पटली. ब्रिजचे स्क्रू वरून स्वच्छ आणि आतून तांबूस असतात. प्लायवूडचा बास असेल तर नेक बसते त्या खाचेच्या कडेला थर सुटलेले दिसतात, खारी बिस्किटासारखे. असा बास फुकट मिळाला तर घ्यावा, पण पार्टसाठी.

बघायला जाताना पिशवीत सहा इंची स्टीलची पट्टी, मल्टिमीटर, छोटी बॅटरी, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि गॅरेजवाल्याकडून उसना आणलेला फिलर गेज असावा, गाड्यांचे टॅपेट लावायला वापरतात तोच. तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पडद्यावर) कॅपोनं, म्हणजे चिमट्यानं दाबायची, शेवटच्या फ्रेटवर बोटानं दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली गेज सरकवायचा. ०.३ ते ०.४ मिमी फट असेल तर नेक ठीक. एक मिमी असेल तर तिनं धनुष्य व्हायचं ठरवलंय. अजिबात फट नसेल तर उलटी वाकली आहे. चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो. सिमेंटचं दीड पोतं वर्षानुवर्षं लटकवून ठेवल्यावर कुणाचीही मान वाकेल.

वाकलेली नेक ट्रस रॉडनं (नेकच्या आतल्या सळईनं) सरळ होते, पण रॉड फिरतो का ते विकत घेण्याआधी बघावं. घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, त्याहून जास्त नाही. घट्ट लागला तर थांबावं, कारण पान्याला ताकद लावून तुटलेला रॉड म्हणजे आख्खी नवी नेक. जुन्या फेंडरला या रॉडचा नट बॉडीच्या बाजूला दडलेला असतो. तारा सैल करा, नेक काढा, पाव फेरा द्या, नेक बसवा, तारा ताणा, गेज लावा. कमी पडला? पुन्हा तारा सैल करा. रविवार असाच जातो. घरातून 'बास' असं ऐकू येतं ते वाद्याचं नाव नसतं. एवढ्या उघडझापीत नेकच्या स्क्रूंची भोकं सैल झाली तर घाबरू नये. मसाला न लागलेल्या उदबत्तीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकाव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात आणि सकाळी स्क्रू मारावा. काडेपेटीच्या काडीपेक्षा हा बांबू कितीतरी चिवट.

खरा छळ पॉट बदलताना सुरू होतो. अमेरिकन बास इंचात जन्मलेला, जपानी मिलिमीटरमध्ये, आणि आपल्या बाजारातला पार्ट कशातही. सीटीएसच्या पॉटचा आटे असलेला गळा तीन आठमांश इंचाचा, म्हणजे आपल्या सुतारकामातले बरोबर तीन सूत, साडेनऊ मिमी. इथं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या पॉटचा गळा सात मिमी. तो तीन सुताच्या भोकात घातला की मोठ्या भावाची चप्पल घातलेल्या पोरासारखा फिरतो. वॉशर लावून भागतं. उलटं झालं, म्हणजे बास जपानी आणि पॉट सीटीएस, तर भोक मोठं करावं लागतं. इथं पुष्कळजण ड्रिल मशीन काढतात आणि पिकगार्डला तडा पाडतात. ड्रिल नको. गोल कानशीनं किंवा रीमरनं हळूहळू वाढवावं.

पॉट बसला की नॉब बसत नाही. दातेरी दांड्याच्या सीटीएस पॉटला २४ बारीक दाते, मिलिमीटरवाल्याला १८ जाड. एकाचा नॉब दुसऱ्यावर ठोकून बसवला तर तो एकदाच बसतो. गुळगुळीत दांडा असेल तर अमेरिकन दोन सुताचा, ६.३५ मिमी, आणि दुसरा ६ मिमीचा. फरक पाऊण मिमीचासुद्धा नाही, पण नॉब दारू प्यायल्यासारखा डुलत फिरतो. कुपवाडच्या एमआयडीसीतला लेथवाला हे दुखणं दोन मिनिटांत ओळखतो, कारण सूत आणि मिमी यांचा संसार तो रोजच सांभाळतो. पितळेची बारीक बुश करून देतो. काम दहा मिनिटांचं, पण "हे काय आहे?" हे त्याला समजावायला अर्धा तास धरावा.

आकारानंतर किंमत, म्हणजे ओहमची. फेंडर धाटणीच्या बासला २५० के (किलोओहम) लागतो आणि टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दुकानदार म्हणतो, "शंभर के आहे, तेच ते." तेच ते नाही. शंभर के लावला की आवाजावर घोंगडी पडते. पाचशे के लावला तर टोकदार होतो, तो मात्र काहींना आवडतो. शिवाय पॉटवरचं अक्षर वाचावं. व्हॉल्यूमला ए हवा. बी लावला तर नॉब अर्ध्यावर आणला तरी आवाज फारसा उतरत नाही आणि शेवटच्या थोड्या फेऱ्यात एकदम कोसळतो, जुन्या शॉवरच्या नळासारखा.

जॅझ बासचे पिकअप मागवताना आणखी एक खड्डा आहे. दोन्ही सारखे दिसतात, पण ब्रिजकडचा नेककडच्यापेक्षा सुमारे ३ मिमी लांब. स्वस्तात 'जोडी' म्हणून दोन्ही नेकचेच आले तर एक खळग्यात खुळखुळतो. दोन्ही एकदम लावल्यावर आवाज पातळ आणि नाकातला झाला, तर वायरी उलट्या लागल्यात. कुठल्यातरी एकाच पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. पिकअपच टाकून देणारे भेटतात, त्यांचा पत्ता विचारून ठेवावा.

मग गुणगुण. सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप घरातली सगळी वीज ऐकतो: ट्यूबलाइटचा चोक, फॅनचा रेग्युलेटर आणि लाइट गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टर, तो तर सर्वांत कर्कश. आपली वीज ५० हर्ट्झची आणि बासच्या जाड तारेचा तिसरा फ्रेट ४९ हर्ट्झचा, म्हणजे पांढरी पाच. गुणगुण तिच्या किंचित वर लागते. रियाजाला फुकटचा तानपुरा, पण बेसूर. उपाय म्हणजे खळगे तांब्याच्या चिकटपट्टीनं आतून मढवायचे, प्रत्येक जोडाला कथिलाचा थेंब द्यायचा आणि सगळं मिळून अर्थला जोडायचं. अर्थ जोडला नाही तर ती पट्टी म्हणजे देवघराची सजावट. ब्रिजखाली एक वायर दबलेली असते, ती मल्टिमीटरनं तपासावी. निम्म्या तक्रारी तिच्या असतात. आणि अॅम्पला दोन पिनांचा प्लग असेल तर तारांना हात लावण्याआधी तो बदलावा. याच्यावर मी विनोद करणार नाही.

आता मिरज. सांगलीकराला बास दुरुस्तीत एक गोष्ट अशी मिळते, जी मुंबईकराला मिळत नाही. दहा किलोमीटरवर दीडशेहून जास्त वर्षं तंतुवाद्यं घडवणारं गाव आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तारा टेकतात ती नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, म्हणजे नट, तुटला तर तिथं हाड घासून असा नट बनवून देतात की ऑनलाइनवाला प्लास्टिकचा तुकडा लाजावा. फक्त खाचांची खोली आपण सांगावी: तार दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबली असता पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट राहिली पाहिजे.

अडचण दुसरीच. बास झणझणतो, अशी तक्रार घेऊन तुम्ही जाता आणि मिरजेचे कारागीर चाचा कान लावून ऐकतात. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. ही झणझण यावी म्हणून तर ते तासन्‌तास घोडी घासतात, धागा सरकवतात. तिला जवारी म्हणतात, तिचे पैसे घेतात. आणि हा इसम ती काढून टाकायला पैसे देतोय. मग ते पडद्यांकडे बघतात. "सरकत न्हाईत?" नाही. "मग सुरात कसं आणता?" हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. ब्रिजवरचं खोगीर (तार टेकते तो तुकडा) मागे-पुढे करून आणावं लागतं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर खोगीर मागे, उतरा असेल तर पुढे. झणझणीसाठी तारांची उंची बाराव्या फ्रेटवर जाड तारेची अडीच आणि बारीक तारेची दोन मिमी ठेवून बघावी. तरी गेली नाही तर एखादा फ्रेट उठलेला असतो. तीन फ्रेटवर बसेल एवढी सरळ पट्टी ठेवली की कुठला डुलतो ते कळतं. तो लाकडी हातोडीनं बसवायचा, सगळे घासत सुटायचं नाही.

तारा लावताना जाड तार कापण्याआधी काटकोनात मोडावी, मग कापावी. नाहीतर गुंडाळी आतून सैल होते आणि नवी तार पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते. त्या तारेची किंमत आठवली की हा नियम विसरत नाही.

विकताना भूमिका बदलतात. आता 'कुणी उघडला नाही' म्हणायची सोय तुमची तुम्हीच घालवलेली असते. पहिला फोन विचारतो, "दोन तारा तुटल्यात का?" दुसरा हप्त्यानं मागतो. तिसरा फिलर गेज घेऊन येतो, त्याला चहा द्यावा. नवा रंग मारला असेल तर तो लपवू नये. जुन्या बासला नवा रंग म्हणजे चौशा बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून आदत म्हणून उभा करणं, आणि बघणारा पिकअपखालचा मूळ रंग बघणारच. नवीन पाडलेलं प्रत्येक भोक भाव उतरवतं. बदललेला पॉट मात्र फारसा उतरवत नाही, जुना जपून ठेवला असेल तर. म्हणून काढलेला प्रत्येक स्क्रू, तुटका नट, खरखरणारा पॉट, सगळं एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावं. गिऱ्हाईक बास दहा मिनिटं वाजवतं आणि डबा अर्धा तास चिवडतं. डब्यात काढल्याची तारीख लिहून चिठ्ठी ठेवावी. वर्षाचे दोन आकडे आधी, आठवड्याचे नंतर.