‘पोरांना पर्यावरण शिकवून घाबरवू नका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या सातवीच्या पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. वर जोडलेले हात, खाली ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’. मजकूर थोडक्यात असा: बारा-तेरा वर्षांच्या मुलांना परिसंस्था (म्हणजे एका जागेतले सजीव आणि त्यांचा परिसर यांची गुंफण), हवामानबदल असलं काही शिकवू नये, त्यांना कळत नाही आणि नुसती भीती बसते. पृथ्वी पूर्वीपासून बदलतच आली आहे, डायनासोर गेले तरी जग चाललंच. शहरात कुठली आली परिसंस्था? निसर्ग दाखवायचा तर ताडोबाला न्या. मुलांकडून एकेक झाड लावून घ्या, विषय संपला. ही सगळी बाहेरून आलेली थेरं आहेत.

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. ग्रुपवरच उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून इथे टाकते आहे.

‘थेरं’ आधी निकालात काढू. पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितलं. आपल्या राज्यात ‘परिसर अभ्यास’ तिसरीपासून आहे आणि आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘परिसंस्था’ नावाचा अख्खा धडा आहे. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी निम्म्या पालकांनी यातलं काही ना काही स्वतः शाळेत घोकलेलं आहे.

आता ‘कळत नाही’ आणि ‘शहरात परिसंस्था कुठे’ हे दोन्ही एकत्र घेते, कारण दोन्हींचं उत्तर मला शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे मिळालं. ऑगस्टमध्ये तिथे आम्ही सुतळीने एक मीटरचा चौकोन आखला. रोज दहा मिनिटं बघायचं आणि दिसेल ते लिहायचं, एवढंच काम. पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाने लिहिलं, ‘काही नाही, फक्त कचरा गवत.’ तिसऱ्या दिवशी एका पोराने हाक मारली, ‘मॅडम, इकडे या न, हे गवत कोणी खाऊन राहिलं!’ गाजर गवताच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या आणि त्यावर पिवळट पाठीचे, काळ्या रेघांचे भुंगे बसले होते. हा मेक्सिकन भुंगा. गाजर गवत मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरलं आणि मग देशभर माजलं. त्याला आवर घालायला त्याच्याच मुलखातला हा किडा आणून १९८४ मध्ये सोडला. मी एवढंच सांगितलं. पुढचा प्रश्न मागच्या बाकावरून आला: ‘मग गवत संपलं तर हा काय खाईल?’

नवी प्रजाती आणण्याआधी शास्त्रज्ञांना नेमका हाच प्रश्न सोडवावा लागतो. कळत नाही म्हणे!

शहराचं म्हणाल तर नागपूरच्या मुलाचा नळ पेंचच्या जंगलाला बांधलेला आहे. तिथल्या तोतलाडोह धरणाचं पाणी पिऊन मूल शाळेत येतं. सिंकमधून गेलेलं पाणी कुठे जातं, ते आम्ही नकाशावर बोटाने शोधत गेलो. नाला, नाग नदी, मग कन्हान, मग वैनगंगा, पुढे गोसीखुर्दचा जलाशय. मध्ये आंभोरा आलं तसा वर्ग गप्प झाला. तिथल्या संगमावर सगळ्यांचे फोटो आहेत. एक मुलगी हळूच म्हणाली, ‘म्हणजे ते पाणी आपल्याच मोरीतलं होय?’ ताडोबा जरूर दाखवा, पण जिप्सीतून वाघ दिसला की मूल वाघच बघतं, आणि नाही दिसला तर रुसतं.

डायनासोर गेले तरी जग चाललं, हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने गिधाडांचं काय झालं ते विचारलेलं दिसत नाही. त्यासाठी कोट्यवधी वर्षं मागे जायला नको, काटोल-उमरेडकडच्या कुठल्याही आजोबांना विचारा. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची आणि काही तासांत सांगाडा साफ. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर शंभरातलं एकही उरलं नाही, इतकी घसरण. कारण २००४ मध्ये उघड झालं: जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. ढोर मेलं की औषध मांसात उरायचं आणि गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण मधल्या काळात मढ्यांवर मोकाट कुत्री पोसली गेली, आणि कुत्री वाढली की पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचा धोकाही वाढतो. मी फळ्यावर फक्त गाय, गिधाड, कुत्रा, माणूस असे चार शब्द लिहिले. बाण मुलांनी काढले. अन्नजाळं असंच शिकवायचं असतं.

‘पृथ्वी पूर्वीपासून बदलत आली आहे’, हे मात्र शंभर टक्के खरं, आणि नागपूरच्या मुलांना ते सांगायला मला भारी आवडतं. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे तो काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दख्खनच्या त्या अफाट लाव्ह्याची पूर्वेकडची कड आपल्या शहरात येऊन संपते. तिथून कामठीकडे गेलं की दुनियाच वेगळी. तिथल्या खडकांत ग्लोसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं उमटलेली सापडतात आणि त्या भागातला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना आहे. त्या जंगलांनी हवेतून ओढून घेतलेला कार्बन जमिनीत गाडला गेला, तोच आता वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणींतून वर येतो आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून परत हवेत जातो.

म्हणून बदल झाला का, हा वादच नाही. वाद वेगाचा आहे. शेवटचं हिमयुग सरताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ऐंशी ते शंभर भागांनी वाढला, त्याला काही हजार वर्षं लागली. आपण गेले शंभर भाग साधारण साठ वर्षांत वाढवले: १९६५ च्या सुमारास ३२०, आता ४२० च्या वर. ज्वालामुखी त्याहून जास्त सोडतात, असंही कोणी तरी ग्रुपवर लिहिलंच. माणूस वर्षाला जेवढा सोडतो त्याच्या एक टक्काही जगातले सगळे ज्वालामुखी मिळून सोडत नाहीत. कूलरच्या खोलीतून एकदम मे महिन्यातल्या दुपारी दोनच्या उन्हात गेलं की ऊन लागतं. बाहेर निघणाऱ्याच्या खिशात कांदा ठेवणाऱ्या आजीला वेगाचा हा मुद्दा समजावावा लागत नाही.

राहिली भीती. या आक्षेपात तथ्य आहे. वितळणाऱ्या बर्फावरचं केविलवाणं अस्वल दाखवून, ‘पृथ्वी मरते आहे’ म्हणत वर्गाला रडवणारे व्हिडिओ मलाही आवडत नाहीत. पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा ही पोरं घरीच होती. ज्याने रात्री गादी उचलून माळ्यावर टाकली त्याला पुराची भीती मी काय शिकवणार? तलाव कधी बांधला (१८७०), सांडवा कशासाठी असतो, नदीच्या काठावर सिमेंट ओतलं की पाणी कुठे मुरेनासं होतं, एवढं त्याला सांगता येतं. ते कळल्यावर वर्गात भीती कमी आणि भांडण जास्त झालं: चूक कोणाची यावर.

आणि ३० मे २०२४ आठवतो का? ‘नागपुरात ५६ अंश!’ हे याच ग्रुपवर फिरलं होतं. नंतर हवामान खात्याने सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता. तेव्हा आम्ही प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर घेऊन एक कडुलिंबाखाली आणि एक सिमेंट रोडच्या कडेला ठेवला होता. दोन आकड्यांत एवढा फरक आला की एका पोराने रोडवरचा थर्मामीटर तापाचा असल्यासारखा झटकून पुन्हा लावला. आकड्यावर लगेच विश्वास न ठेवणारं मूल घाबरवायला कठीण असतं.

झाडांबद्दल थोडकंच. लावा, पण कुठे आणि कोणतं ते आधी ठरवा. विदर्भातल्या गवताळ माळरानाला ‘पडीक’ म्हणून तिथे सुबाभूळ ठोकली की तणमोर या माळरानातल्या पक्ष्याचं घर जातं. फोटो काढून विसरलेलं रोप तर उन्हाळ्यात मरतंच. मेसेजमध्ये एक तक्रार असती तर मी स्वतः तो पुढे ढकलला असता: ‘पर्यावरण वाचवा’चा प्रकल्प थर्माकोलवर करायला लावणं बंद करा.

आमचा सुतळीचा चौकोन यंदा राहिला नाही. टाकीमागे सिमेंटचे गट्टू बसवले. पोरांनी परवा फटींत मुंग्यांनी काढलेली माती दाखवली आणि गाजर गवताची दोन रोपं, त्यामुळे येत्या शनिवारी आम्ही गट्टूंवरच नवा चौकोन आखतो आहोत, खडूने. मेसेज पाठवणाऱ्या पालकांनी अवश्य यावं, सकाळी साडेदहाला. थर्मामीटर दोनच आहेत, घरी असेल तर आणावा. तापाचा नको.