चंदेरी राजपुत्र आणि रातपाळीची लाईन

या आठवड्यात आमच्याकडे शेतीची लाईन रातपाळीला आहे. म्हणजे वीज येते, पण रात्रीची. हरभऱ्यावर स्प्रिंकलर चालू करायचे, काही तासांनी कडाक्याच्या थंडीत ओले पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे, मधल्या वेळात खोपडीत बसायचं आणि रानडुकरं यायला नकोत म्हणून अधूनमधून डबा वाजवायचा. याच मधल्या वेळात पुतणीने अमरावतीहून आणलेलं 'रेड क्वीन' वाचून काढलं. व्हिक्टोरिया एवेयार्ड या अमेरिकन बाईंची २०१५ची कादंबरी. माझं इंग्रजी बैलगाडीच्या चालीचं, त्यामुळे पाच रात्री लागल्या.

नॉर्टा नावाचं राज्य आहे. तिथे चंदेरी रक्ताचे लोक राज्य करतात, कारण त्यांच्या अंगात शक्ती असतात. कोणी आग खेळवतो, कोणी लोखंड वाकवतो, कोणी दुसऱ्याच्या डोक्यात शिरतो. लाल रक्ताच्यांनी राबायचं, आणि अठराव्या वर्षी हाताला काम नसेल तर शंभरेक वर्षं चाललेल्या युद्धावर जायचं. नायिका मेअर सतराची, लाल, पाकीटमार. आणि तिच्या वस्तीत वीज रेशनवर मिळते!

इथे मी पुस्तक मांडीवर पालथं घातलं. कोळसा आमच्या वणी-चंद्रपूरचा, धूर आमच्याकडे, आणि मोटरसाठी रात्री दीडला उठायचं तेही आम्हीच. एका अमेरिकन बाईला हे कोणी सांगितलं? आणि रक्तावरून माणसाची पायरी ठरते, हे तर आमच्या घरात फँटसी म्हणून वाचताच येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला माझा आजा नागपूरला होता.

पुढे राजवाड्यात कामाला लागलेली मेअर सगळ्यांदेखत आखाड्यात पडते आणि तिच्या अंगातून वीज निघते. लाल रक्तात शक्ती! हे बाहेर फुटलं तर राज्याचा पायाच हलेल. म्हणून राजा तिला हरवलेली चंदेरी लेक ठरवतो आणि धाकट्या राजपुत्राशी, मेवेनशी, तिचं लग्न जुळवतो. तिचं मन मात्र थोरल्याकडे, कॅलकडे. गावाकडचा मित्र किलॉर्नही आहेच. झाली गाडी रुळावरून खाली. चांदण्यात कॅल तिला नाच शिकवतो, मग चुंबन, मग ती त्याच्याबद्दल विचार करते, मग विचार का केला याचा विचार करते. माझे दोन पट्टे भिजून झाले तरी तिचा विचार संपेना.

प्रेम नको असं माझं म्हणणं नाही. उलट प्रेमासाठी बाईंच्या हातात केवढी भारी गोष्ट होती. मेअर चंदेरी दिसावी म्हणून तिच्या चेहऱ्यावर रोज रंग थापतात. खरचटलं तरी बिंग फुटणार. म्हणजे ती मनापासून लाजली तर गाल लाल होणार, आणि गाल लाल झाले तर जीव जाणार! मी याचीच वाट पाहत होतो. बाईंनी ते रंगाखालीच ठेवलं.

सगळ्यात जास्त राग आला तो ग्रे टाऊनला. तिथले लाल कामगार दिवे बनवतात, यंत्रं बनवतात, धुरात जन्मतात आणि धुरातच मरतात. आणि आपण ती वस्ती पाहतो कुठून, तर राजवाड्याच्या नावेतून. नाव पुढे सरकते, तशी वस्तीही गेली. तिथे दिवा कोणाकडे लागतो, कोणाकडे नाही, हे मला पाहायचं होतं. एका पोरीला उचलून वाड्यात नेलं की मागे राहिलेल्यांचं काय, हा प्रश्न कॅलच्या डोळ्यांत बुडाला.

शेवटाकडचा दगा मात्र जबरदस्त आहे, आणि प्रेमाचा एवढा पसारा नसता तर तो बसलाच नसता, हेही कबूल. कोण दगा देतो ते सांगत नाही, नाहीतर पुतणी घरात घेणार नाही.

तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणते, "काकाजी, तुमच्यासाठी लिवलंच नाही ते. सतरा वर्साच्या पोरीनं प्रेमाचा इचार नाही करावं तं काय लाईनीचा करावं?"

बिनतोड आहे. पण याच पुस्तकात मेअरची धाकटी बहीण आहे, गिसा. भरतकाम करून घराला हातभार लावणारी. बहिणीसाठी पैसे हवेत म्हणून ती जन्मात पहिल्यांदा चोरी करायला जाते, पकडली जाते, आणि शिपाई तिचा सुई धरायचा हातच ठेचतो. त्या पानावर मला लाईन आल्याचंही कळलं नाही. शेजारच्याने बांधावरून हाक मारली, "काहून बे, झोपला का? मोटर चालू कर ना!" गिसाही पोरच, मेअरहून लहान, तिच्यावर किती पानं? अगदी थोडी.

"अजून तीन भाग हायेत," पुतणी म्हणाली. "आनू का?"

आण म्हटलं. पुढच्या रातपाळीच्या आत आण. गिसाचा हात बरा होतो का, तेवढं पाहायचं आहे.