त्या चित्रांपुढे मेणबत्त्या जळत होत्या

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इटलीतल्या सिएना शहराचा चित्रकार दुच्चो याची एक छोटी मॅडोना आहे, म्हणजे मरिया आणि बाळ येशूचं चित्र. इसवी सन १३०० च्या आसपासची, चौकटीसकट जेमतेम २८ सेंटिमीटर उंच. २००४ साली ती विकत घेतली तेव्हा सुमारे साडेचार कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या, आणि अजूनही तिचं नाव निघालं की आधी किमतीचीच गोष्ट निघते. तिथे कुणी जाणार असाल तर माझं ऐका, चौकटीची खालची कड नीट बघा. लाकूड जळून काळं पडलंय. कुणीतरी तिच्यापुढे मेणबत्ती लावायचं आणि ज्योत कडेला लागायची.

म्युझियमवाले हे लपवत नाहीत, त्यांच्या माहितीत त्याचा उल्लेख आहे. पण मुख्य भर असतो तो बाळ आईच्या डोक्यावरचं वस्त्र हाताने कसं बाजूला सारतंय, त्यात माणूसपण कसं आलंय आणि पुढच्या इटालियन चित्रकलेची चाहूल कशी लागते यावर. सगळं खरं आहे. तरी मला वाटतं, माहितीफलकाचं पहिलं वाक्य त्या जळक्या कडेबद्दल असायला हवं. मेणबत्ती लावणाऱ्याला पुढच्या चित्रकलेशी काय देणंघेणं? त्याला मरियेला काहीतरी सांगायचं होतं.

दुच्चोचंच मोठं काम, 'माएस्ता', म्हणजे सिंहासनावर बसलेली मरिया, घ्या. ९ जून १३११ ला हे चित्र त्याच्या कार्यशाळेतून सिएनाच्या कॅथेड्रलमध्ये नेलं, तेव्हा गावातली दुकानं बंद होती, घंटा वाजत होत्या, बिशप आणि नगराचे कारभारी पुढे, लोक हातात मेणबत्त्या घेऊन मागे. पालखीमागे चाललेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. १२६० मध्ये फ्लॉरेन्सशी लढाई होण्याआधी सिएनाने स्वतःला मरियेच्या स्वाधीन केलं होतं आणि मोंतापेर्तीची ती लढाई जिंकलीही. म्हणून सिंहासनाच्या पायाशी मागणं लिहिलंय: सिएनाला शांती दे, आणि तुला असं रंगवलं म्हणून दुच्चोला आयुष्य दे. अख्खं गाव आणि चित्रकार एकाच ओळीत हात जोडून उभे आहेत!

१५०६ मध्ये हे चित्र मुख्य वेदीवरून हललं. ते दोन्ही बाजूंनी रंगवलेलं होतं; १७७१ मध्ये करवतीने कापून पुढची-मागची बाजू वेगळी केली. आज मोठा भाग सिएनातच आहे, पण लहान फलक लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, माद्रिद, फोर्ट वर्थ असे पांगलेत. २०२४-२५ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडनच्या प्रदर्शनात मागच्या बाजूच्या तळपट्टीचे फलक पुन्हा एका रांगेत आले, याचा मला मनापासून आनंद झाला. पण प्रकाशाचं काय? सोन्याचा वर्ख लाल मातीच्या थरावर चढवून घोटून चकचकीत करायचे. ज्योत हलली की ते सोनंही हलतं. दिव्यांच्या एकसारख्या उजेडात ती नुसती पिवळी पार्श्वभूमी होते. खऱ्या मेणबत्त्या लावा असं कोण म्हणेल? पण आठवड्यातून एक तास दालनातला उजेड मंद करून हलता ठेवायला काय हरकत आहे?

'मग सरळ चर्चला परत देऊन टाका' असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. रशियन चित्रकार रुब्लेव्हचं 'पवित्र त्रैक्य' हे पंधराव्या शतकातलं चित्र २०२३ मध्ये रशियाच्या सरकारने मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीतून काढून चर्चकडे सोपवलं. जतन करणारे तज्ज्ञ विरोध करत होते, फलक नाजूक आहे म्हणून सांगत होते. त्यांचं ऐकलं नाही, हे चूकच झालं.

आणि चीड येते ती यासाठी की मधला रस्ता त्याच गॅलरीने आधीच काढला होता. 'व्लादिमीरची देवमाता' हे बाराव्या शतकातलं मरियेचं चित्र १९९९ मध्ये गॅलरीला जोडलेल्या, तोल्माचीच्या संत निकोलसच्या चर्चमध्ये ठेवलं. खास काचपेटीत, हवामान सांभाळून. तिथे उपासनाही व्हायची आणि लोक त्या चित्रापुढे प्रार्थनाही करायचे. हे मॉस्कोत जमलं, तर इतर मोठ्या म्युझियमांनी निदान एका चित्रापुरता हा प्रयोग करून बघावा.