मोफत की विकत? आधी पत्ता स्वतःचा घ्या

'मोफत होस्टिंगवर सुरुवात करा, वाचक वाढले की पैसे भरून हलवा' हा ब्लॉग सुरू करण्याविषयीच्या एका लेखातला सल्ला अर्धाच आहे. (होस्टिंग म्हणजे ब्लॉग इंटरनेटवर जिथे ठेवतात ती जागा.) गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या बायकांकडून ऐकलेली धालोची, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याची, गाणी मी तीन वर्षं एका मोफत ब्लॉगवर लिहिली. मग सशुल्क होस्टिंगवर गेले. पत्ता बदलला आणि लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलेले सगळे जुने दुवे कुचकामी झाले. ब्लॉगची फाइल उतरवून घेतली होती, पण त्यात मजकूर तेवढा आला. फोटोंचे नुसते दुवे. मांडावर, म्हणजे धालो खेळतात त्या अंगणात, फेर धरलेल्या माझ्या आजीचा फोटो त्यात गेला, तो आजही सापडलेला नाही.

सशुल्क म्हणजे सुरक्षित, हेही खरं नाही. पहिल्या वर्षाची सवलत संपली तेव्हा नूतनीकरणाचा दर तिपटीवर गेला. त्याच महिन्यात कार्डाची मुदत संपली, पैसे कापले गेले नाहीत आणि ब्लॉग बंद. निदान मोफत ब्लॉग बिलापायी बंद पडत नाही!

म्हणून नवख्यांना माझं सांगणं: पैसे खर्चायचेच तर आधी फक्त स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घ्या. गूगलच्या ब्लॉगर या मोफत ब्लॉगसेवेला ते जोडायला वेगळे पैसे पडत नाहीत. उद्या होस्टिंग बदललं तरी पत्ता तोच राहतो. आणि फोटो घरच्या हार्ड डिस्कवर वेगळे ठेवा, आजच.